चार दगड, दोन पाय

त्या पत्राला मामांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र हरवलं नव्हतं की विसरलंही गेलं नव्हतं. ते रोज त्यांच्या डोळ्यांसमोर होतं, जेवणाच्या टेबलावर साखरेच्या डब्याला टेकून उभं. दारात आलेल्या पाहुण्याला कुणी अजून ‘बसा’ म्हटलेलं नसावं, तसं.

पत्र भाचीचं होतं. ती याच शहरात, पुलापलीकडे आईजवळ राहायची. लहानपणी दोन्ही गालांत बिस्किटं साठवून ठेवायची आणि चावायचं विसरून जायची, म्हणून सगळे तिला खारू म्हणायचे. आता ती सत्तावीस वर्षांची झाली होती, तरी नाव काही सुटलं नव्हतं. सकाळी ती रुग्णालयाच्या धुलाईखान्यात काम करायची. मोठमोठ्या यंत्रांतून गरम चादरी निघायच्या, त्यांच्या घड्या घालायच्या आणि गाड्यांवर रचून वर पाठवायच्या. वर्षानुवर्षं चादरी येत होत्या, चादरी जात होत्या. त्यांवर झोपलेलं माणूस मात्र तिला कधी दिसलं नव्हतं. एके दिवशी तिला वाटलं, आता माणूस बघावं. तिने नर्सिंगला जायचं ठरवलं.

पण नर्सिंगच्या शाळेचं दार असं ढकललं की उघडणारं नव्हतं. अर्ज करायच्या आधी शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र आणि रसायन असे चार विषय चांगल्या गुणांनी पार करावे लागत. म्हणून तिने लिहिलं होतं:

‘मामा, फोनवर तुला काही विचारलं की तू आधी घसा साफ करतोस आणि मग तिकडे हवा कशी आहे ते विचारतोस. म्हणून लिहिते आहे. चारही विषय एकदम घेतले तर पुढच्या वर्षीच अर्ज करता येईल. वाटून घेतले तर एक वर्ष जाईल. दोन दगडांवर पाय ठेवू नये म्हणतात. माझे दगड चार आहेत आणि पाय दोनच. तू काय म्हणतोस?’

मामा काय म्हणणार? त्यांचा सगळा जन्म ग्रंथालयाच्या टेबलामागे गेला होता. कुणी काही विचारलं तर ते तोंडाने उत्तर देत नसत. उठायचे, विचारणाऱ्याला हळूच कपाटापाशी न्यायचे, पुस्तक काढून हातात ठेवायचे आणि पाय न वाजवता परत फिरायचे. आपलं असं एखादं मत असावं आणि ते दुसऱ्याने मानावं, याची त्यांना धास्तीच वाटायची. आपल्या सांगण्यावरून एका पोरीचं वर्ष जाणार किंवा वाचणार! छे, एवढं वजन त्यांच्या शब्दाला कधी नव्हतं.

तेव्हा त्यांनी केलं ते फक्त त्यांनाच सुचण्यासारखं होतं. चार विषयांबद्दल सांगायचं तर आधी चारही विषय वाचले पाहिजेत, तेही तिच्यासारखे एकदम, असं त्यांनी ठरवलं. जमतात की नाही हे आपल्याच डोक्यात घालून बघायचं, आणि मग लिहायचं.

जुन्या ग्रंथालयात त्यांच्या जागेवर आता एक बाई बसत. त्यांनी चार जाडजूड पुस्तकं टेबलावर पाहिली आणि चष्मा कपाळावर सारला.

“काय हे? या वयात नर्सिंगला बसताय की काय?”

“नाही, ते... एका पत्राला उत्तर द्यायचंय.”

“बाई गं! पत्र लिहिणाऱ्याला सांगा, पुढच्या वेळी पोस्टकार्डावर भागवा.”

मामा कानापर्यंत लाल झाले आणि पुस्तकं छातीशी धरून घरी आले.

पुढचे दिवस कसे गेले ते त्यांना नीट सांगता आलं नसतं. त्यांच्या खोलीत दुपारचं ऊन पडद्यातून गाळून यायचं, पाण्यासारखं फिकट, आणि सगळ्या वस्तू त्यात तरंगत असल्यासारख्या दिसायच्या. मामा खिडकीशी बसून वाचायचे. हृदयाच्या झडपांचं पान उलटलं की खाली इमारतीचं दार आपटायचं, आणि त्यांना वाटायचं, झडप मिटली. भिंतीतल्या नळांतून वरच्या मजल्याचं पाणी गुडगुडत उतरायचं. तो त्यांना आतड्यांचा आवाज वाटायचा. सूक्ष्मजीवांची चित्रं पाहिल्यावर तर उन्हाच्या तिरिपेत नाचणारे धुळीचे कणही शेपट्या हलवायला लागले. रसायनात एक अणू दुसऱ्याला आपला इलेक्ट्रॉन देऊन टाकतो आणि दोघं कायमचे एकमेकांना चिकटतात. हे वाचून अविवाहित मामा बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले.

हाडं पाठ व्हावीत म्हणून त्यांनी दाराजवळच्या कोट अडकवायच्या खांबाला सगळीकडे नावांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. वरती एक जुनी टोपी ठेवली. हळूहळू ते त्या खांबाला बाहेर जाताना मान लववू लागले.

पण विषय काही एकमेकांशेजारी शहाण्यासारखे बसेनात. आदल्या दिवशीचं मूत्रपिंड दुसऱ्या दिवशीच्या जंतूंनी पोखरून टाकलेलं असे. आम्ल कुठलं, अल्क कुठलं, आणि जठरात त्यातलं काय असतं? वाचता वाचता डोळा लागायचा, आणि मग स्वप्न पडायचं. ग्रंथालय तेच, पण कपाटांच्या जागी मोठमोठ्या बरगड्या, आणि त्या श्वासासारख्या सावकाश वरखाली होताहेत. लोक नेलेली हाडं परत करायला रांगेत उभे आहेत. मामा प्रत्येक हाडावर शिक्का मारताहेत. रांगेच्या शेवटी खारू उभी. तिचे हात हाडांनी भरलेले. एक सावरावं तर दुसरं घसरतंय, आणि ती हसत हसत म्हणतेय, ‘मामा, माझं आधी घे ना.’ मामा शिक्का शोधताहेत. शिक्का सापडत नाही.

जाग यायची तेव्हा ऊन भिंतीवरून उतरून गेलेलं असायचं.

उत्तराचे कच्चे कागदही साचत होते. ‘एका परीने पाहता’ असं सुरू होऊन ‘दुसऱ्या बाजूने विचार केल्यास’ इथे येऊन प्रत्येक कागद थांबायचा. आपल्याला चार विषय झेपत नाहीत, हे तर आता उघड होतं. पण त्यातून काय सिद्ध होतं? आपलं डोकं म्हातारं. तिचं तरुण आहे. आपल्या गोंधळावरून तिला मागे ओढायचं म्हणजे आपले गुडघे दुखतात म्हणून दुसऱ्याला चालू न देण्यासारखं.

या उजळणीत नाव नोंदवायची मुदत कधी येऊन गेली ते त्यांना कळलंही नाही. कळलं ते धाकट्या बहिणीच्या, म्हणजे खारूच्या आईच्या फोनवरून.

“दादा, तू तिला काय सांगितलंस?”

“मी... मी कुठे काय सांगितलं?”

“तेच! मामा नको म्हणाला नाही, म्हणजे त्याचं हो आहे, असं म्हणाली आणि चारही विषय घेऊन बसली. एक ना धड, भाराभर चिंध्या. रसायनात गटांगळ्या खातेय. येत्या शुक्रवारपर्यंत एखादा विषय सोडता येतो, गुणपत्रिकेवर डाग न लागता. त्यानंतर नापास झाली तर तो शिक्का घेऊनच अर्ज करायचा. मग कोण घेतंय तिला?”

“मग सोडेल ना एखादा.”

“सोडेल कशाला? सोडला तर वर्ष गेलं! मीच म्हटलं, बाई, एवढी मजल मारलीस, आता रेट. तूही तिला तेच सांग.” मग जरा थांबून म्हणाली, “दादा, ऐकतोयस का? ती जेवताना झोपते रे.”

मामांनी घसा साफ केला.

रविवारी दुपारी खारू स्वतःच आली. हातांना चादरींच्या वाफेचा वास, खांद्यावर पुस्तकांची पिशवी. दारातच थबकली. टोपी घातलेल्या खांबाकडे पाहिलं, मग टेबलावरच्या चार पुस्तकांकडे, मग मामांकडे. त्यांना कुठे तोंड लपवावं ते समजेना.

“मामा! तू पण?”

“नुसतं चाळत होतो.”

ती खांबाजवळ गेली आणि चिठ्ठ्या वाचता वाचता खो खो हसायला लागली. “अरे, रेडियसचं हाड अंगठ्याच्या बाजूला असतं. या बिचाऱ्याच्या हातातली दोन्ही हाडं तू उलटी लावलीस. हा घास तोंडात घालेल की कानात?”

“मला वाटलंच काहीतरी चुकतंय,” मामा म्हणाले. “परवापासून तो माझ्याकडे रागाने बघतोय.”

तिने चिठ्ठ्या बदलल्या. ते करताना मनगटाची हाडं तिने गाणं गुणगुणावं तशी एकामागून एक म्हणून दाखवली, बोटाने आपल्याच मनगटावर दाबत. मामा पाहत राहिले. हाडं तिच्या हातात अगदी घरच्यासारखी वागत होती.

चहा झाला. तिने रसायनाचं पुस्तक पुढे सरकवलं. “मला विचार यातलं. कुठलंही.”

मामांनी बोट ठेवलं तो प्रश्न सोपा होता. “रुग्णाच्या शिरेत देतात ते साधं सलाइन. त्यात मिठाचं प्रमाण शून्य दशांश नऊ टक्के. तर एक लिटरला मीठ किती?”

“नव्वद ग्रॅम.” उत्तर तयारच होतं.

मामांनी पुस्तकाच्या मागचं पान उघडलं, पुन्हा मिटलं. “इथे नऊ दिलंय.”

“हां, नऊ. तेच ते, एक शून्य इकडे की तिकडे.” तिने जांभई दिली आणि हसली. “जाऊ दे रे, एका मार्काचा तर आहे. पुढचा विचार.”

मामाही हसले. सवयीने. पुढचा प्रश्न शोधायला त्यांनी पान उलटलं, आणि वर पाहिलं तर ती टेबलावर डोकं टेकून झोपली होती. गाल पुस्तकावर दबलेला, तोंड किंचित उघडं, लहानपणी भरल्या तोंडाने झोपायची तशी.

खोलीत पाण्यासारखं ऊन होतं. खाली दार आपटलं. मामांना वाटलं की ते आता दुसऱ्याच कुठल्या खोलीत आहेत. पांढऱ्या खाटा रांगेने, पांढऱ्या घड्यांच्या चादरी, आणि एका चादरीवर, शेवटी एकदाचं, एक माणूस. त्याच्या उशाशी खारू, नीटनेटकी, दमलेली. वर टांगलेली पिशवी, नळीतून थेंब उतरताहेत. सूक्ष्मजीवांच्या पुस्तकात की रक्ताच्या प्रकरणात, कुठेतरी त्यांनी वाचलं होतं: प्रमाणाबाहेर खारट पाण्यात रक्तपेशी सुकतात, वाळल्या मनुकांसारख्या आक्रसतात. थेंब उतरत होते. ‘एक शून्य इकडे की तिकडे,’ खारू हसून म्हणत होती, आणि खाटेवरचं माणूस विश्वासाने तिच्याकडे बघत होतं.

मामा ताडकन उठून उभे राहिले. खुर्ची करकरली. खारू जागी झाली.

“किती वेळ झोपले मी? अरे देवा, जंतूंचं अख्खं प्रकरण राहिलंय.” ती पिशवी भरू लागली. दारात चप्पल घालताना न वळता म्हणाली, “रसायन सोडावं म्हणतेय. तेच जमत नाहीये ना. नाहीतर सगळंच रेटावं. आई म्हणते रेट. शुक्रवारपर्यंत काय ते ठरवायचंय.” मग वळली. “मी तुला विचारलं होतं, मामा.”

मामांनी तोंड उघडलं. दोन्ही बाजू एकदम ओठांशी आल्या आणि दारात अडकून बसल्या.

“बोलू नकोस,” ती मऊपणे म्हणाली. “तू बोललास की मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. लिही. पण लिही मात्र.”

ती गेल्यावर मामांनी टेबल साफ केलं. कच्च्या कागदांची चळत उचलून कपाटावर ठेवली. फेकायचं धाडस काही झालं नाही. नवा कागद घेतला. भीती वाटत होतीच. पण या वेळी ती स्वतःच्या चुकण्याची नव्हती, त्या खाटेवरच्या अनोळखी माणसासाठी होती, आणि त्या भीतीने आश्चर्य म्हणजे हात चालत होता.

‘खारू,

रसायन सोडू नकोस. सूक्ष्मजीवशास्त्र सोड, ते पुढच्या वर्षी घे. रसायन पक्कं झाल्यावर तेही सोपं जाईल. वर्ष जाईल. जाऊ दे.

तू नव्वद म्हणालीस तेव्हा मी हसलो. हसायला नको होतं. तुला ते येत नाही असं नाही. तू दमली आहेस. दमलेल्या माणसाला शून्य कुठे पडलं ते दिसत नाही, आणि तू तर असं काम मागते आहेस, जिथे ते दिसायलाच हवं. ज्याची चादर तू इतकी वर्षं घडी करून पाठवलीस, त्याला एक वर्ष उशिरा भेटलीस तर चालेल. तो असेल तिथे. असा कुणीतरी नेहमीच असतो.

रविवारी येत जा. आधी झोप काढ, मग रसायन करू. मला त्यात तुझ्यापेक्षा कमी कळतं, पण प्रश्न वाचायला मी बरा आहे.

तुझ्या आईला मी सांगेन. फोनवर. ती ओरडेल ते मी ऐकून घेईन.

माझं चुकत असेल. पण तू विचारलंस म्हणून एकच बाजू लिहिली आहे.

मामा’

पत्र पुन्हा वाचलं तर आपण ते फाडू, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून न वाचताच पाकिटात घातलं, तिकीट चिकटवलं आणि कोट चढवून खाली उतरले.

रस्ता रविवारचा, सुस्त होता. दुकानांची दारं मिटलेली, एका बाल्कनीत कुणीतरी चादर वाळत घालत होतं आणि ती वाऱ्याने सावकाश फुगत होती. कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी मामा थांबले. पाकीट फटीत घातलं. मग अर्धं बाहेर काढलं. सूक्ष्मजीवशास्त्रच का? शरीरक्रिया का नाही? बहिणीला आपण खरंच फोन करू का? वर्ष जाऊ दे म्हणणं सोपं. वर्ष तिचं आहे.

“आजोबा, टाकताय की विचार करताय?” मागे एक बाई आपलं पाकीट हातात धरून उभी होती.

“दोन्ही,” मामा म्हणाले.

“मग मी थांबते. घाई नाही.”

ती खरंच थांबली. आपल्यासाठी कुणाला ताटकळत ठेवणं मामांना जन्मात कधी जमलं नव्हतं. पण या वेळी त्यांनी तिला थोडं थांबू दिलं. सकाळच्या वाफेत घड्या घालणारे दोन लाल हात त्यांना दिसले, मनगटावरची हाडं मोजणारं एक बोट दिसलं. मग त्यांनी पाकीट आत ढकललं आणि हात काढून घेतला.

पडल्याचा आवाज काही आला नाही. पेटी भरलेली असावी. मामा बाजूला झाले आणि बाईने आपलं पाकीट आत टाकलं.