अर्पणाची रांग

"उपासनेत तोंड बंद, हात बोलतील," असं ओझेला पेटवे चर्चमधल्या प्रत्येक नव्या सेविकेला बजावायची. लोकांना जागेवर बसवणं, हातपंखे वाटणं, अर्पणाचे पैसे ताटात टाकायला एकेक बाक उठवणं ही सेविकांची कामं, आणि ती सगळी पांढऱ्या हातमोज्यांच्या खुणांनी व्हायची. ओझेलाची सून अर्नस्टीन मात्र दर रविवारी कुरकुरायची.

"आई, आपण काय मुक्या आहोत? तळहात वर म्हणजे उठा, छातीवर मूठ म्हणजे दार बंद. आठवडाभर त्या टेकडीपलीकडच्या गोऱ्या बाईच्या बोटावर नाचायचं, आणि रविवारी तुमच्या!"

"तिच्या बोटाला पगार आहे, माझ्या बोटाला पुण्य. मोजे चढव."

त्या रविवारी अमेरिकेतल्या बर्मिंगहॅममधलं त्यांचं माउंट टेबर चर्च गच्च भरलं होतं. मतदारयादीत काळ्या लोकांची नावं घालण्यासाठी महिनाभर तिथे सभा चालल्या होत्या. धमक्या येत होत्या, पण धमक्या काय, या वस्तीला पोलादाच्या भट्टीच्या धुराइतक्याच सवयीच्या. पाळक मिम्स यांचं प्रवचन रंगात आलं होतं. उकाड्यानं लोक कासावीस झाले, तशी ओझेला पंखे आणायला पुढच्या दाराच्या पडवीत आली.

पंख्यांच्या पेटीशेजारी, बाकाखाली, एक जेवणाचा डबा होता. खाणीत नेतात तसला. रविवारी चर्चला डबा कोण आणतो? ओढून बघावा म्हणून ती वाकली, आणि कपाळात सणकन कळ गेली.

गोडसर वास. पिकून काळ्या पडलेल्या केळ्यासारखा.

तिचा नवरा उभा जन्म खाणीत सुरुंग भरत आला होता. त्याचे कपडे धुताना तिचं डोकं असंच उठायचं. श्वास धरून तिनं कान लावला. डब्यात घड्याळ चालू होतं.

"भरल्या सुरुंगाला हात लावायचा नाही," नवरा म्हणायचा. "पाय असतील तर पळायचं." पण पळायचं कसं? दारं दोनच. एक हे, डब्याला खेटून. दुसरं वेदीशेजारी, बाजूला उघडणारं, एका वेळी एक माणूस जाईल एवढंच. आणि ओरडलं तर? ओझेलाची मावशी असल्याच एका गर्दीत गेली होती. कोणीतरी 'आग, आग' म्हणून ओरडलं. आग नव्हतीच. माणसं माणसांच्या पायांखाली मेली.

अर्नस्टीन आतल्या दाराशी उभी होती. ओझेलानं तिला दंडाला धरून बाहेर काढलं.

"बाजूच्या दाराबाहेर, कोपऱ्यावर जाऊन उभी राहा. येईल त्याला पलीकडच्या मैदानात घाल. पुढच्या दाराकडे एकालाही फिरकू देऊ नकोस."

"प्रवचन चाललंय, आई. बाहेर येणार कोण?"

"अर्पणाची रांग."

"प्रवचनाच्या मध्येच अर्पण? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"ठणकतंय, पण ठिकाणावर आहे. जा."

अर्नस्टीन पुटपुटत गेली. खरं कारण ओझेलानं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती धावत आत शिरली असती. आठ वर्षांची डेल्फीन गायनमंडळात बसली होती. अर्नस्टीनची एकुलती एक, ओझेलाची नात.

ओझेलानं आतलं दार अलगद लोटलं आणि ती मधल्या वाटेनं वेदीकडे निघाली. प्रवचन चालू असताना वेदीपर्यंत कोणी चालत गेल्याचं कोणाला आठवत नव्हतं. पाळक मिम्स यांच्या कपाळाला आठी पडली.

"पाळकसाहेब, अर्पण घ्या," ती हळूच म्हणाली.

"ओझेलाबाई, मी देवाचं वचन सांगतोय!"

"उरलेलं मैदानात सांगा. पडवीत सुरुंग आहे. गाणं लावा, चेहरा हसरा ठेवा."

त्यांनी पुस्तक मिटलं. मग त्यांनी मान वर केली. "बंधुभगिनींनो," ते म्हणाले, "आज पवित्र आत्मा सांगतोय, आधी द्या, मग ऐका!" लोक हसले. कोणी "आमेन" म्हटलं. गाणं सुरू झालं.

अर्पण नेहमी मागच्या बाकापासून उठायचं. देवाचीच दया, कारण मागचे बाक डब्याला सगळ्यात जवळचे होते. ओझेलानं तळहात वर केला. बाक उठला. दुसरा उठला. लोक झुलत, टाळ्या देत वेदीसमोरच्या ताटापाशी येत होते. त्यांना थांबू न देता ती बाजूच्या दाराकडे वळवत होती.

चर्चच्या कारभारातले म्हातारे डीकन क्रेनशॉ मात्र ताटाशीच अडले. "थांब की गं! नाणी रुमालात बांधलीत. गाठ सुटेना."

"बाहेर सोडा, काका."

"अर्पण बाहेर? ताट तर इथे आहे!"

तिनं ताटच उचलून त्यांच्या हातात दिलं. "न्या. तुम्हीच धरा आज."

डीकन फुगून बाहेर पडले.

मग खिडकीतून तिला बाहेरचं दिसलं. गर्दीच्या रविवारी रांग बाजूच्या दारानं बाहेर पडून पुढच्या दारानं परत आपापल्या बाकावर यायची. पायांना तीच सवय. रांगेचं तोंड पडवीकडे वळत होतं. अर्नस्टीन हात पसरून अडवत होती आणि लोक तिच्याशी हुज्जत घालत होते.

"अगं, उन्हात काय वाळत घालतेस आम्हाला?"

"माझी पर्स आत आहे, सरक!"

एक धिप्पाड बाई तिला बाजूला सारून दोन पावलं पुढे गेलीसुद्धा. तेव्हा अर्नस्टीननं सेविकेच्या रिवाजानं डावा हात पाठीमागे नेला, ताठ उभी राहिली आणि उजवी मूठ छातीवर ठेवली. दार बंद. जन्मभर ती खूण पाळलेली माणसं. बाई थांबली, मागे फिरली. रांग मैदानात वळली.

अर्नस्टीननं खिडकीकडे बघितलं. सासूचा चेहरा बघून तिला काय ते कळलं. तिनं बोट गायनमंडळाकडे केलं. डेल्फीन.

ओझेलानं नाही म्हणून मान हलवली. गायनमंडळ शेवटी उठतं. गाणं तुटलं तर रांग तुटेल, रांग तुटली तर त्या अरुंद दारात माणसं एकमेकांवर पडतील. नात तोंडभर गात होती, पुढचा दात पडलेला. आजीकडे बघून हसली. ओझेलाही हसली. हसताना जबडा दुखला.

बाहेर अर्नस्टीन जागची हलली नाही. मूठ छातीवरच होती.

शेवटचा बाक रिकामा झाला. ओझेलानं तळहात वर केला आणि गायनमंडळ गात गातच खाली उतरलं. डेल्फीन गेली. पाळक गेले. मागून ओझेला उंबरठा ओलांडून रस्त्याच्या मध्यापर्यंत पोचली असेल नसेल, तोच पाठीवर धक्का बसला आणि ती गुडघ्यांवर पडली. धुरळा खाली बसला तेव्हा पडवी नव्हती. मागचे बाक नव्हते. माणसं सगळी होती.

कोणी रडत होतं, कोणी पोरांना चाचपत होतं. कित्येकांच्या मुठीत नाणी तशीच होती. डेल्फीनला काखोटीला मारून अर्नस्टीन सासूसमोर उभी राहिली.

"माझी पोर शेवटी ठेवलीत."

"हो."

"ठाऊक असून."

"हो गं."

शिव्या येतील, असं ओझेलाला वाटलं. आल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती हात टेकून उठायला लागली.

"बसा, आई."

"उपासना संपली नाही. सेविका बसत नाही."

"बसा म्हणते ना!"

अर्नस्टीननं पोर खाली ठेवली. वाकडे झालेले मोजे ओढून नीट केले. डीकन क्रेनशॉ अजून ताट घेऊन उभे होते. त्यांना तिनं हाताला धरून मैदानाच्या मधोमध आणलं. मग डावा हात पाठीमागे नेला. मागचे बाक आता कुठले, तरी मागे बसणारे लोक सवयीनं पुढे सरसावले. तिनं मूठ छातीवर ठेवून त्यांना थांबवलं आणि तळहात वर केला, गायनमंडळासमोर.

"आज गाणारे आधी," ती मोठ्यानं म्हणाली.

उपासनेत सेविकेनं तोंड उघडलं होतं, तरी तिला न टोकता ओझेला खाली बसली.