स्लॅबखालची झोप

सन २०१९, ऑक्टोबरातील दुसरा रविवार, दुपारची वेळ. स्थळ लातूर, औसा रोडमागच्या गल्लीतील एक नवे घर. त्या घरातील संगणक, त्यावरचा खेळ ऐन रंगात आला असता, पुन्हा बंद पडला, आणि सौदामिनीबाई उठून दाराच्या चौकटीत जाऊन उभ्या राहिल्या.

“आधी घुमतंय, मग अंधार,” त्या म्हणाल्या. “तवाबी असंच झालं होतं.”

त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांचे माहेर गेले. आई गेली, धाकटा भाऊ गेला. तेव्हापासून त्या स्लॅबखाली झोपत नसत; अंगणात पत्र्याच्या शेडमध्ये झोपत. मुलगा अनय आणि सून मृण्मयी कोचिंग क्लासात शिकवीत; त्या कमाईतून हे घर उभे राहिले. शेडमधल्या गारठ्याने वाढलेल्या दम्याने अगदी हैराण झाल्यावर, यंदाच्या पाडव्यापासून, बाई स्लॅबखाली झोपू लागल्या. पुढे मृण्मयीने आपल्या खेळासाठी हा संगणक आणला, तो रोज घुमून बंद पडू लागला, आणि गेल्या आठवड्यात बाईंनी अंथरूण पुन्हा शेडमध्ये नेले. थंडी तोंडावर आली होती.

“आई, मी रोज पोरांना भूकंपलहरी शिकवायलोय,” अनय म्हणाला. “जमीन हलली असती तर गल्लीतल्या सगळ्या मेसची भांडी वाजली असती.”

“तू पुस्तकातल्या शिकवतोस, बाबा. मी अंगावर घेतल्यात.”

बिनतोड तर्क भीतीलाही पटतो असे मानणे ही शिकलेल्या माणसाची जुनी चूक आहे. मृण्मयी ती करीत नसे. विजेची शंका तिने आधीच निकालात काढली होती. प्लग दुसऱ्या बोर्डात लावला, इन्व्हर्टर टाळला, तरी दोष कायम. प्रश्नपत्रिका टाइप करताना मात्र यंत्र कधीच रुसले नव्हते. म्हणजे दोषाचा संबंध यंत्रावरच्या कामाच्या भाराशी होता. पण आज तिने यंत्राआधी सासूबाईंचे समाधान करायचे ठरवले. तिने काठोकाठ भरलेला तांब्या जमिनीवर ठेवला.

“आई, तुम्ही पाण्याकडं बघत बसा. मी खेळते. पाणी हललं तर मी बी येते शेडमध्ये झोपायला.”

“म्हंजे तिथं बी तुझं डबडं येणार!”

खेळ सुरू झाला. पंखा घुमू लागला. बाई तांब्यापाशी श्वास रोखून बसल्या. पाणी निश्चल होते. त्यांनी संगणकाच्या टेबलाला तळहात लावला आणि लगेच काढून घेतला.

“मग हे का थरथरतंय?”

आक्षेप रास्त होता. “ठेवा तांब्या टेबलावर,” खेळता खेळता मृण्मयी म्हणाली. तो ठेवताच पाण्यावर बारीक वलये उठली. एवढ्यात पडदा काळा झाला, पंखा थांबला, आणि वलयेही विरली.

“बघा! थरथर याची हाय, जमिनीची न्हाई.”

“पण हा मरतो कशानं?” अनयने विचारले.

मृण्मयीने संगणकाच्या पेटीच्या, कॅबिनेटच्या, मागे हात घातला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. कॅबिनेट नवारीने टेबलाच्या पायाला बांधले होते, आणि ते व भिंत यांच्यामध्ये घडी केलेली गोधडी गच्च कोंबली होती.

“आई, हे?”

“मीच. आणलं त्याच दिवशी. हादरा बसला तर भिंतीवर आपटंल, कोणाच्या अंगावर पडंल.”

त्यात नवल नव्हते; त्या घरात कपाट आणि फ्रीजही बांधलेलेच होते. संकटाच्या धास्तीने केलेला बंदोबस्तच इथे संकटाची खूण होऊन बसला होता.

“अहो, त्याचा गरम वारा मागनं निघतो. तुम्ही नाकच दाबलं त्याचं. पंखा जीव तोडून फिरायचा, अन् शेवटी जळू नये म्हणून हा संगणक आपणच बंद पडायचा.”

“दमाच की मग त्याला,” बाई ओशाळून म्हणाल्या. अनयला हसू आवरेना. मग त्याही हसल्या.

मृण्मयीने गोधडी काढली, टेबल वीतभर पुढे ओढले. नवार तिने सोडली नाही. दिवेलागणीपर्यंत ती खेळत राहिली; पंख्याचा नुसता सुस्कारा ऐकू येत होता, आणि पडदा एकदाही विझला नाही.

बाई उठल्या. शेडमधून अंथरूण घेऊन आल्या. अनय पुढे झाला, पण त्यांनी ते त्याच्या हाती दिले नाही. उंबऱ्यावर थांबून त्यांनी एकवार वर स्लॅबकडे पाहिले, आत जाऊन खोलीच्या मधोमध अंथरूण पसरले आणि सांगितले,

“घरात दोष न्हाई.”