चौदाचा आकडा

“साहेब, किती दिवस आहेत आता?” साईनाथने आवाज खाली करून विचारलं.

मुरबाडच्या दवाखान्यातल्या त्या एवढ्याशा खोलीत त्याचे वडील देवराम शेजारीच बसले होते. वय एकाहत्तर, पण कान शाबूत होते.

“कसले दिवस?” डॉक्टरांनी जुना रिपोर्ट उचलला. “पीएसए, म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीच्या रक्ततपासणीचा आकडा, चौदा. हे रक्त कधी काढलं?”

“म्हसाच्या जत्रेआधी आठ दिवस. लघवी तुंबली, नळी घातली, त्याच्या दुसऱ्या दिवशी,” साईनाथ म्हणाला.

“तेव्हा ताप होता?”

“लय होता,” देवराम म्हणाले.

“मग आकडा चढणारच. लघवीत जंतू झाले, नळी घातली, वयाने प्रोस्टेट वाढलं, तरी पीएसए वाढतो. वाढला म्हणजे कॅन्सरच, असं नाही. औषधं संपल्यावर महिना-दीड महिन्याने पुन्हा तपासायचं असतं. या नव्या रिपोर्टात तो तीनवर आलाय. सहा महिन्यांनी परत दाखवा.”

देवराम कॅन्सर या शब्दापाशीच अडकले होते. मोबाइलवर चौदाचा अर्थ शोधून पोराने बापाला परस्पर मारून टाकलं होतं. सुनेला सांगितलं, सापगावच्या जावयाला सांगितलं. ज्याचं रक्त होतं, तेवढा एक सोडून सगळ्यांना सांगितलं. आणि जत्रेत सरदार-पाखऱ्याची बैलजोडी विकून टाकली. “तुला आता झेपायचं नाय, बाबा,” एवढंच तेव्हा म्हणाला होता. नऊ वर्षं सांभाळलेल्या बैलांचा कासरा देवरामांनी मुकाट्याने परक्याच्या हातात दिला होता.

बाहेर येताच ते थांबले.

“मला का नाय सांगितलास?”

“तुला घोर लागंल म्हणून.”

“आन बैल नेलेस तवा काय लागला मला?”

साईनाथने रिपोर्टची घडी घातली. “दुसरी जोडी घेऊ.”

“मी मरायचा म्हणून विकलीस ना? मेलो नाय मी. तीच आण.”

“घेणारा घाटावरचा होता, बाबा. नाव पण नाय इचारला.”

देवराम तडक एसटी स्टँडकडे निघाले. एसटीत ते पोराशेजारी बसले नाहीत.

घरी आल्यावर ते सरळ गोठ्यात गेले. बैलांच्या जागी साईनाथची मोटरसायकल उभी होती. ती त्यांनी एकट्याने ढकलत अंगणात नेली. सून नम्रता धावत आली, तिला हातानेच थांबवलं. मग गोठा झाडला, पेंढा आणून पसरला. सरदार उजवीकडे बसायचा, तिथे जरा जास्त.