कार्डावरच्या प्रार्थना

नऊ वर्षांपूर्वी आलेल्या एका पत्राला मी उत्तर दिलं नाही. ते हरवलं नव्हतं. शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात, त्याच्याच पाकिटात होतं, आणि तेव्हापासून तो खंड उघडायचंच मी टाळत आलो. त्यातला एखादा शब्द अडला तर दुसऱ्या शब्दावर भागवायचो.

पत्र आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका तरुण रंगाऱ्याचं होतं. घरांना रंग द्यायचं काम करायचा. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. बायको नर्स, पाळकाच्या घरातली. शनिवारचा पुरुषांचा वर्ग तेव्हाही मीच घ्यायचो. मला फार समजतं म्हणून नव्हे, तर कॉलेजच्या ग्रंथालयात जन्म गेला म्हणून. पुस्तकांजवळ बसणाऱ्याला पुस्तकातलं सगळं येतं, असा लोकांचा समज असतो. वहीत टिपून नेलेलं मी वाचून दाखवायचो. नवरा हा घराचं मस्तक. घरची प्रार्थना त्याने चालवायची. बायकोने त्याच्या मागून यायचं.

रंगाऱ्याने लिहिलं होतं:

‘सर, मला प्रार्थना करता येत नाही. मी तोंड उघडलं की बायको डोळे मिटून वाट बघते आणि मला घाम फुटतो. मला येत नाही, आणि तिला मी करू देत नाही, कारण तुम्ही सांगितलंत. चार महिने आमच्या घरात प्रार्थनाच नाही. ती स्वयंपाकघरात जाऊन एकटी पुटपुटते, मी ऐकू न आल्यासारखं करतो. परवा तुमच्या घरच्या प्रार्थनासभेत मी मध्येच डोळे उघडले. चूक झाली. तुम्ही बायबलात ठेवलेल्या कार्डावरून वाचत होता. अक्षर बाईंचं होतं. मला अ आ इ त्यांनीच शिकवली, त्यांचं अक्षर मी कुठेही ओळखेन. मी कुणाला सांगणार नाही. फक्त एवढं कळवा, तुम्हाला लाज वाटते का? वाटत असेल तर त्या लाजेचं काय करता?’

वाचून मी ते शब्दकोशात सारलं. पुढच्या शनिवारी त्याच्याकडे न बघता वर्ग उरकला. त्यानंतरचेही उरकले. दोन वर्षांनी कामासाठी तो बायकोला घेऊन दुसऱ्या गावी गेला, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहायला बरं वाटत नाही, पण वाटलं होतं.

बाई म्हणजे माझी बायको. पहिलीच्या वर्गावर शिकवायची. लग्नानंतर पहिल्यांदा आमच्या घरी सभा झाली, तेव्हा मी ‘हे प्रभू’ म्हणालो आणि माझी दातखीळ बसली. बऱ्याच वेळाने मी ‘आमेन’ म्हणालो. चहाच्या वेळी मंडळीतले ठेकेदार म्हणाले, “ब्रदर, एवढीशी प्रार्थना वर पोचते का हो, की जिन्यातच बसते?” सगळे हसले. मीही हसलो.

पुढच्या आठवड्यात मी बायबल उघडलं तर आत एक कार्ड. ग्रंथालयातली चुकलेली कार्डं मी घरी आणायचो. त्यांची मागची बाजू कोरी असे. त्यावर तिच्या गोल, पहिलीच्या मुलांना कळेल अशा अक्षरात प्रार्थना होती. ती काही बोलली नाही, मीही विचारलं नाही. सभेत सगळ्यांचे डोळे मिटलेले, मी मान खाली घालून वाचलं. लोकांना ती लीनता वाटली.

असं शेहेचाळीस वर्षं चाललं. सभा नसली तरी चाललं. संध्याकाळी आम्ही दोघंच बसायचो, ती डोळे मिटायची, मी कार्ड वाचायचो. म्हणजे तिने स्वतःचंच मागणं माझ्या आवाजात ऐकलं. त्यात काही विचित्र आहे, असं आमच्यापैकी कुणीच म्हटलं नाही.

गेल्या वर्षी तिच्या नजरेच्या मधोमध डाग आला. कडेचं दिसतं, मधलं नाही. “तुमचं तोंड बघायचं तर घड्याळाकडे बघावं लागतं,” ती म्हणते. “तिथून बरे दिसता.” लिहिणं मात्र या महिन्यात संपलं. ओळीवर ओळ चढायला लागली.

गेल्या रविवारी दुपारी आमच्या घरी सभा होती. सकाळी ती म्हणाली, “आज आपलं आपण बोला की दोन शब्द.”

“मला नाही जमणार.”

“मग मी बोलते.”

“पाळकसाहेब असणार आहेत, अगं. ठेकेदार असणार आहेत.”

ती घड्याळाकडे बघत राहिली, म्हणजे माझ्याकडे.

जुनी कार्डं बुटाच्या खोक्यात होती. मी एक उचललं. वरच्या चार ओळी पाहिल्या. कुणालाही लागू पडतील अशा होत्या. ठेवलं बायबलात. तिला वाचून दाखवावं, असं मनात आलं होतं. संकोच वाटला.

दुपारी बाराजण बसले होते. डोळे मिटले गेले. मी वाचत गेलो: “आणि प्रभू, आमच्या ठेकेदारांच्या घरच्या ताईंच्या गुडघ्यांवर हात ठेव. त्यांना पुन्हा जिना चढू दे.”

या ताईंना, ठेकेदारांच्या बायकोला, जाऊन चौदा महिने झाले होते.

मी थांबलो. डोळे उघडले जात आहेत, हे वर न बघताही कळत होतं. पाळकसाहेब हळूच म्हणाले, “ब्रदर?”

सावरून घेता आलं असतं. पण माझ्या हातात कार्ड होतं आणि आता ते सगळ्यांना दिसत होतं.

“हे माझं नाही,” मी म्हणालो. “हिचं आहे. पहिल्यापासून सगळं हिचंच. मला एकही प्रार्थना करता येत नाही. ठेकेदार, मला माफ करा.”

ठेकेदारांनी चष्मा काढला.

“पुढे वाच,” ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच अरे-तुरे केलं.

“पुढे…”

“पुढे काय लिहिलंय तिच्याबद्दल? वाच ना रे.”

मी वाचलं: “त्यांना गच्चीवर जाऊन स्वतःच्या हाताने कपडे वाळत घालायचे आहेत. नवऱ्याला पिळता येत नाहीत, आणि तसं म्हटलं तर त्यांना राग येतो.”

ठेकेदार हसायला लागले आणि हसता हसता रडायला. “नाहीच येत पिळता,” ते म्हणाले. “अजून थेंब थेंब गळत असतात. बाहेर मी मस्तक, आणि घरात मला टॉवेल पिळता येईना! बाई, तुम्हाला तिने हे कधी सांगितलं?”

“हौदावर,” बायको म्हणाली. “आणखीही बरंच सांगितलंय.”

“मग प्रार्थना तुम्हीच संपवा.”

तिने संपवली. कार्ड नव्हतं, घाई नव्हती. मध्ये थांबली तिथेही ती अडली नव्हती, बोलतच होती. पहिल्यांदाच तिची प्रार्थना मी डोळे मिटून ऐकली. शेवटी ‘आमेन’ मोठ्याने म्हणायचं ठरवलं होतं. आवाज मध्यमच निघाला.

पाळकसाहेब चहा पिऊन उठले. दारात म्हणाले, “शनिवारच्या वर्गाबद्दल बोलू या.” अजून आलेले नाहीत.

सगळे गेल्यावर मी शब्दकोशाचा दुसरा खंड काढला आणि तिला पत्र वाचून दाखवलं.

“नऊ वर्षं?” ती म्हणाली. “अहो, तो पोरगा नऊ वर्षं तिथे गप्प बसलाय का मग? आणि ती बिचारी स्वयंपाकघरात?”

“काय लिहू? तू सांग, मी लिहितो.”

“मी नाही सांगणार. खूप सांगितलं.”

ठेकेदारांकडे रंगाऱ्याचा फोन नंबर होता. बोलायची माझी छाती नव्हती. त्यांनीच पत्ता मागवून दिला. “दोन मुली आहेत त्याला,” म्हणाले. त्याच्या घरात प्रार्थना होते का, हे ठेकेदारांना कोण विचारणार?

तीन दिवस कागद खराब केले. शेवटी राहिलं ते इतकंच:

‘लाज वाटत होती. लोकांसमोर वाचण्याची कमी, आणि ती माझ्यापेक्षा मोठी आहे याची जास्त. त्या लाजेला मी वर्गात वेगळं नाव दिलं आणि तुम्हा सगळ्यांना शिकवलं. ते चुकलं. लाजेचं काय करायचं ते मला कळलं नाही, म्हणून ती लपवली आणि तुला एकटं सोडलं. उशीर झाला असेल. झाला नसेल तर आज बायकोला स्वयंपाकघरातून बाहेर बोलाव. तिला करू दे. तू शेजारी बस. मुलींना दिसेल असा बस. आमेन तू म्हण. तेवढं जमतं, मी नुकतंच करून पाहिलं.’

तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “शुद्धलेखन बघितलंत?”

“बघितलं.”

“मग चला.”

कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत ती माझा दंड धरून आली. पाकीट फटीत घातलं. अर्धं आत, अर्धं माझ्या बोटांत.

“पडलं का?” तिने विचारलं. ती शेजारच्या विजेच्या खांबाकडे बघत होती, म्हणजे माझ्याकडे.

मी बोटं सोडली.

“पडलं.”