दोन्ही उजव्या

बोटीच्या मागे लाट बनवायची आहे, हे ऐकून बाबा आधी पोटभर हसले. "समुद्रात लाटांचा दुष्काळ पडला काय रे?" त्यांनी प्रबुद्धला विचारलं.

प्रबुद्ध माझा आयटीआयमधला मित्र. बोरिवलीपलीकडे गोराईच्या खाडीत तो पर्यटकांची बोट चालवतो. त्याने आम्हाला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. बोटीच्या मागे एक बाई फळीवर उभी, हातात दोर नाही की काही नाही, नुसती लाटेवरून घसरत येते आहे. त्या बोटीच्या मागच्या बाजूला कपाटाच्या दारांसारख्या दोन पाट्या होत्या. उजवी पाटी पाण्यात उघडली की डाव्या बाजूला उंच, स्वच्छ लाट उभी राहते आणि डावी उघडली की उजव्या बाजूला. परदेशातून मागवली तर ही यंत्रणा प्रबुद्धच्या जुन्या बोटीपेक्षा महाग. म्हणून तो साकीनाक्याला आमच्या गाळ्यात आला होता.

"पाट्या मेस्त्रीकाका करतील," तो म्हणाला. "मोटर आणि डोकं तुझं, रेवती."

मी लिफ्टचे कंट्रोल पॅनेल दुरुस्त करते. बोटीचा वेग मोजायचा, ठरलेल्या वेगाला पाटी आपोआप उघडायची, वेग पडला की मिटायची. लिफ्टच्या दारापेक्षा यात वेगळं ते काय? मी लगेच हो म्हटलं. खरं सांगायचं तर बाबांच्या हाताला काम हवं होतं म्हणून म्हटलं. आई गेल्यापासून ते गाळ्यात जायचे, स्टूल पुसायचे आणि त्यावर बसून राहायचे.

बाबा आडनावाने मेस्त्री आणि धंद्यानेही मेस्त्री. मालवणहून आले ते पत्र्याचं काम शिकले आणि चाळीस वर्षं तेच केलं. उजवा-डावा असा जोडीचा भाग बनवला की ते दोन्ही तुकडे समोरासमोर आणून चिकटवायचे, आपण हात जोडतो तसे. कडेला कड लागली तर जोडी बरोबर. आमच्या गाळ्यात त्याला 'नमस्कार' म्हणतात. नमस्कार झाल्याशिवाय माल बाहेर जात नाही. माझा भाऊ सुशांत बडोद्याला असतो. त्याने एकदा गाळा विकायचा विषय काढला, तेव्हा बाबांनी सांगून टाकलं होतं, "ज्या दिवशी जोडी चुकात, त्या दिवशी मीच टाळा लावीन. कोणी सांगूची गरज नाय." आणि बाबा बोलले की बोलले.

पाट्यांचं माप घ्यायला आम्ही दोघं गोराईला गेलो. बोटीचा तळ मध्ये खोल आणि कडेला वर चढलेला, त्यामुळे पाटीची खालची कड तिरकी कापायची होती, आणि बाहेरच्या कडेला दोन बोटं रुंद ओठ वाकवायचा होता. उजवीचा तिरकेपणा एकीकडे, डावीचा दुसरीकडे. "जमेल ना?" मी विचारलं. "जोडी म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ," बाबा म्हणाले.

आठ दिवसांनी त्यांनी मला गाळ्यावर बोलावलं. स्टीलच्या दोन्ही पाट्या एकावर एक ठेवल्या होत्या. "बघ," ते म्हणाले, "केसाचाही फरक नाय." खरंच नव्हता. ते चहाला गेले आणि मी, केवळ सवयीने, पाट्या उचलून नमस्कार करायला गेले. एकीचा ओठ दुसरीच्या सपाट कडेवर आपटला. तिरक्या कडा कात्रीच्या पात्यांसारख्या एकमेकींवरून गेल्या.

बाबांनी दोन्ही उजव्या बनवल्या होत्या.

मी तिथेच बसले. काही गोष्टी तेव्हाच आठवल्या, हे मला कबूल केलं पाहिजे. दोन आठवडे ताटात डाव्या बाजूचा भात तसाच राहत होता. दाढी एका गालाची राहत होती. गाळ्याची किल्ली नेहमीप्रमाणे डाव्या खिशात असायची आणि ते उजवा खिसा चाचपत दारात उभे राहायचे. सगळ्याला मी एकच उत्तर दिलं होतं, वय झालं.

ते चहा घेऊन आले तेव्हा सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर त्याच संध्याकाळी कुलूप लागलं असतं, आणि कुलूप लावून घरी आलेल्या बाबांचं मी काय करणार होते? त्यांनी मला आणि सुशांतला वाढवताना कधी डावं-उजवं केलं नाही. मला वेल्डिंग शिकवलं तेव्हा नातेवाइकांनी तोंडं वाकडी केली, तरी त्यांनी पर्वा केली नाही. त्या माणसाला मी सांगू, तुमचं संपलं म्हणून? मी म्हटलं, "झकास झाल्यात, बाबा." झाकली मूठ सव्वा लाखाची.

पुढचं सगळं मी निस्तरलं. डाव्या बाजूला नवीन भोकं पाडून चुकीची पाटी बसवली. तिचा ओठ आतल्या बाजूला आला. प्रबुद्धने विचारलं, "ही अशी का गं?" मी म्हटलं, "डिझाइन आहे, तुला नाही कळणार." मग प्रोग्राममध्ये डाव्या पाटीला वेगळा हिशेब लिहिला: ती उजवीपेक्षा लवकर उघडेल, जास्त उघडेल. तीन रविवार खाडीत घालवले. लाट फुटायची, मी आकडे बदलायचे. शेवटी दोन्ही बाजूंना सारखीच लाट यायला लागली, आणि मला स्वतःचा अभिमान वाटला. आज त्याची लाज वाटते.

चाचणीला बाबा आले. प्रबुद्ध बोट चालवत होता, त्याची बहीण शर्मिष्ठा फळी घेऊन पाण्यात उतरली होती. बाबा मागे तोंड करून बसले, म्हणजे बोटीची उजवी बाजू ती त्यांची डावी. बोटीने वेग घेतला. उजवी पाटी आपोआप उघडली, बोटीच्या डाव्या बाजूला लाट उभी राहिली आणि शर्मिष्ठा तिच्यावर चढली. बाबांनी मांडीवर थाप मारली. मग पाट्यांची अदलाबदल झाली. लाट बोटीच्या उजव्या बाजूला गेली, तिच्यामागे शर्मिष्ठाही गेली आणि ओरडून हसायला लागली.

बाबांचा चेहरा पडला. "लाट खंय गेली?" ते म्हणाले. "आणि ती पोरगी? बुडाली काय? डावी पाटी चालत नाय, रेवती. जोडी चुकली माझी."

चार हातांवर लाट होती. तिचं पाणी त्यांच्या डाव्या खांद्यावर उडत होतं.

"बाबा, मान वळवा," मी म्हटलं. त्यांना कळेना. मी त्यांची हनुवटी धरून तोंड डावीकडे वळवलं. तेव्हा त्यांना लाट दिसली, शर्मिष्ठा दिसली, आणि ते लहान मुलासारखे हसले. "म्हातारो झालंय गो," ते म्हणाले. हे नुसतं वय नाही, हे मला कळलं होतं. पण किनाऱ्यावर प्रबुद्धने त्यांना मिठी मारली, त्याच्या ओळखीच्या एका बोटवाल्याने तिथल्या तिथे दुसरी जोडी सांगितली, बाबा ताठ मानेने चालत होते. डॉक्टरकडे पुढच्या आठवड्यात नेऊ, असं मी ठरवलं.

पुढच्या आठवड्यात, बुधवारी, ते नवीन जोडीचा पत्रा कापत होते. डावा हात मशीनच्या पात्याखाली राहिला होता. तो तिथे आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. शेजारच्या गाळ्यातल्या किरणने आवाज ऐकला आणि धावत आला. तो सांगतो, मेस्त्रीकाका ओरडले नाहीत, मशीन का अडलं म्हणून बघत होते.

पंजा वाचला नाही. डॉक्टरबाईंनी मला बाजूला घेतलं. मेंदूला आधीच एक छोटा झटका येऊन गेलेला होता, डावी बाजू त्यांच्या लेखी उरलीच नव्हती. "कधीपासून होतं हे? काही चुका, विसराळूपणा, काही लक्षात आलं होतं?"

"नाही," मी म्हटलं.

चौथ्या दिवशी प्रबुद्ध भेटायला आला. त्याला पाहून बाबांनी उजवा हात छातीपाशी आणला आणि तळवा उभा धरला, एकटाच. हात जोडले, असंच त्यांना वाटत होतं. प्रबुद्ध खाली बघत बाहेर गेला. बाबांनी हात तसाच धरून ठेवला आणि गाळ्यातल्या आवाजात मला विचारलं, "नमस्कार जुळलो काय गो?"

मी हो म्हणणार होते. जीभ तशी वळलीही होती.

"नाही, बाबा," मी म्हटलं आणि त्यांची हनुवटी धरून तोंड डावीकडे वळवलं. त्यांनी बँडेज बघितलं. बराच वेळ बघितलं. मग मी सगळं सांगितलं. दोन्ही पाट्या उजव्या होत्या, मी नमस्कार करून बघितला होता, डावीची चूक प्रोग्राममध्ये झाकली होती.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"तेव्हाच सांगूचा ना गो," बाबा म्हणाले. "टाळाच लागला असता. हात तरी रवलो असतो."