आधीच लिहिलेला शेरा

घरात दोघे कुजबुजू लागले की तिसऱ्याचे कान टवकारतात, तुमचेही, माझेही. तुरुंगातल्या जमादारांचे तर तीस वर्षे टवकारलेलेच होते.

आज ते एका कैद्याला आजारी आईच्या भेटीला घेऊन आले होते. वेळ दोन तास. परतल्यावर जमादारांचा शेरा वर जाणार. तो चांगला असला तरच पुढच्या महिन्यात पुन्हा भेट. आईच्या हाती फार महिने उरले नव्हते. पण जमादारांची जुनी सवय अशी, की शेरा ते येतानाच गाडीत लिहून टाकत. ‘वर्तन संशयास्पद.’ तेवढंच काम हलकं!

दार कैद्याच्या बहिणीने उघडले. ती नजरेला नजर देईना. जमादारांनी खिडकीचे गज हलवले, पलंगाखाली वाकून पाहिले, उशी चाचपली.

“पाणी देऊ, काका?”

“आधी तू पी त्यातलं.”

ती मुकाट्याने अर्धा पेला प्यायली.

“साहेब, पाच मिनिटं बाहेर थांबाल?” कैद्याने विचारले.

“का रे? पंख फुटायचेत?”

तरी त्याचा एक हात बेडीने पलंगाला अडकवून ते दाराआड उभे राहिले. आतून आईचा आवाज आला, “लवकर कर, तो बघेल.” मग कट्. कट्.

“अरे चोरा!” जमादार आत घुसले.

कैद्याच्या हातात कात्री होती आणि मांडीवर आईचे पाऊल! म्हातारीने लाजून पाय पांघरुणात ओढले. नखे वाढून बोटांत रुतली होती.

“कात्री कुणी दिली?”

“मी. मुठीत लपवली होती,” बहीण म्हणाली. “आई मला पायाला हात लावू देत नाही. म्हणते, तू दिवसभर राबतेस, वर हे कशाला? पहिल्यापासून दादाच कापायचा.”

“मग आधी सांगायचं!”

“सांगितलं असतं तर राहू दिली असती?”



आई हळूच म्हणाली, “बाबा, ह्याच्या मारामारीत एकाचा डोळा गेला. शिक्षा झाली, बरी झाली. तुम्ही खुशाल पहारा करा. पण तुम्ही काय दिसायचं ते ठरवूनच आलात हो! मग माणूस सुधारला तरी तुम्हाला कळणार कसं?”

जमादारांना खिशातला कागद टोचू लागला. त्या दोन शब्दांनी आजवर किती घरांच्या भेटी बंद केल्या असतील! त्यांनी तो काढला आणि टराटरा फाडला.

“अजून तीन नखं राहिलीत. काप. मी इथं समोर बसतो.”

“विश्वास नाही ना अजून?” म्हातारी हसली.

“नाही, मावशी. आता बघणार आहे.”

आपण सारेच कुणाचे तरी पहारेकरी असतो. सुनेचे, नोकराचे, शेजाऱ्याचे. पहारा जरूर करावा. शेरा मात्र पाहिल्यावरच लिहावा.