दोन वर्षांपूर्वीचा पगार

"तुमच्या आधी चार जण आहेत," लॅपटॉपमधला आवाज जर्मनमध्ये म्हणाला आणि पुन्हा संगीत सुरू झालं.

अपूर्वा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी पासपोर्ट घेऊन बसली होती. बँकेचा माणूस स्क्रीनवर आला, त्याला चेहरा आणि पासपोर्ट दाखवला, की शिक्षणकर्ज पक्कं. ऑक्टोबरमध्ये हॅनोव्हर सोडून ती बर्लिनला आर्किटेक्चर शिकायला जाणार होती.

तिचे वडील, शिरीष, ओट्याशी उभे राहून स्वच्छ कप पुन्हा धूत होते.

"व्याज किती म्हणालीस?"

"आत्ता सातच्या आसपास. पण ते बदलतं, बाबा. सहा महिन्यांनी वरही जाईल. गेनाऊ, नेमकं तेच मला आवडत नाही."

"आणि ती सरकारी मदत?"

"बाफ्योग? कितीदा सांगू? त्यातले अर्धे पैसे परत द्यायचेच नसतात, उरलेले बिनव्याजी. पण ते आईबापांच्या पगारावर ठरतं. तोही दोन वर्षांपूर्वीच्या. तुझा आकडा बघून ऑफिसातली बाई नुसती हसली." अपूर्वालाही हसू आलं. "तुला नोकरीवरून काढलं असतं ना, तर आत्ताची कमाई धरा म्हणून वेगळा अर्ज करता आला असता. पण तू पडलास हुशार."

कप सिंकमध्ये निसटला. फुटला नाही.

फेब्रुवारीत कंपनीने शिरीषचा अख्खा विभाग बंद केला होता. अपूर्वाची शाळेची शेवटची परीक्षा तोंडावर आलेली. "परीक्षा होऊन जाऊ दे," तो बायकोला म्हणाला होता. परीक्षा झाली. मग निकाल येऊ दे. निकालही आला. रोज सकाळी तो वरच्या खोलीचं दार लावून घेई. घरात त्याला होम ऑफिस म्हणत. आत तो नोकरीचे अर्ज पाठवत बसे. कर्जाची कल्पनाही त्याचीच. कर्ज काढून शिकलं की पैशाची किंमत कळते, मीही पुण्यात तसाच शिकलो, असं त्याने लेकीला पटवलं होतं. सरकारी अर्जात घरचं सगळं लिहावं लागतं, हे त्याला ठाऊक होतं.

"तुमच्या आधी दोन जण आहेत."

चारुलता भाजीची पिशवी घेऊन आत आली. लॅपटॉपकडे आणि मग नवऱ्याकडे तिने पाहिलं.

"अहो, तुम्ही सांगताय, की मी सांगू?"

"काय सांगायचंय?" अपूर्वाने मान वर केली.

शिरीषने नळ बंद केला. घरात मराठीच बोलायची, हा नियम त्याचा. लेक जर्मनमध्ये उत्तर द्यायची तेव्हा अठरा वर्षं तो न चिडता प्रश्न पुन्हा मराठीत विचारत आला होता. आता मराठी शब्द जिभेवर येऊन अडला. बेकार. त्याच्या गावी तो शब्द माणसालाही लावत आणि फुटक्या बादलीलाही.

"तुमच्या आधी एक जण आहे."

"इश बिन आर्बाइट्सलोस," तो म्हणाला. मग त्याने स्वतःच ते मराठीत सांगितलं. "माझी नोकरी गेलीय, अपू."

संगीत थांबलं. स्क्रीनवर एक तरुण आला, गूटन टाग म्हणाला, पासपोर्ट समोर धरायला सांगू लागला. अपूर्वा वडिलांकडेच बघत होती. पासपोर्ट तिने अर्धा उचलला, मग खाली ठेवला. त्या तरुणाची माफी मागून तिने कॉल बंद केला.

"आईला माहीत होतं?"

चारुलताने होकारार्थी मान हलवली.

"म्हणजे तुझ्या अब्रूचं व्याज मी भरणार होते. दहा वर्षं." एरवी रागावली की ती जर्मनवर जायची. आज गेली नाही.

"सरकारपुढे हात पसरायचा म्हणजे..."

"हात पसरणं? वीस वर्षं टॅक्स कोण भरत होतं?"

त्याने ओले हात पुसले. "ते पैसे यायला वेळ लागेल," तो म्हणाला. "तोवर खोलीचं भाडं मी देईन. कंपनीने निघताना दिलेले पैसे आहेत."

"आणि मंजूर नाही झालं तर?"

"तर तेव्हा बँक आहेच. बघू."

"तिघं मिळून बघू," अपूर्वा म्हणाली. शेजारची खुर्ची तिने पायाने ओढली आणि सरकारी अर्ज उघडला. "बस. किती तारखेला काढलं? खरी सांग."

"बारा फेब्रुवारी."

"म्हणजे माझ्या परीक्षेच्याही आधी." तिची बोटं कीबोर्डवर थांबली. तिने तारीख लिहिली आणि पुढचा प्रश्न वाचून दाखवला.